माजघरातली पाकटं

आमच्या माजघरात हौद बांधायचं ठरलं तेव्हा सासूची बाज तिथंच होती. नवऱ्यानं आणि दिरानं ती दोन्हीकडून उचलली आणि पडवीत म्हशीशेजारी नेऊन ठेवली. सासू मागोमाग गेली.

"मला हितं घालतुस व्हय?"

"म्हशीची तुला सवय हाय," नवरा म्हणाला. तो थट्टा करत नव्हता. तिला खरंच सवय होती.

मग त्यानं कणग्या माझ्या स्वयंपाकघरात ढकलल्या, माजघराच्या जमिनीवर खडूनं मोठा चौकोन आखला आणि त्या चौकोनात उभं राहून सांगितलं, "हितं साहेबांचे मासे राहणार."

मी चौथीपर्यंत शिकले. जे समजत नाही ते तोंडावर विचारायचं, एवढं शाळेतून घेऊन आले. मी विचारलं, "साहेबांचे मासे साहेबांच्या बंगल्यात का न्हाईत?"

"बाईसाहेबांना वास सहन होत न्हाई."

"आन् आमाला होतो?"

"वैनी, आपल्याला सगळं होतं," दीर म्हणाला आणि हसला. त्याला हसू येण्यासारखंच होतं. हे सगळं त्याच्या नोकरीसाठी चाललं होतं.

तेव्हा आम्ही थेरगावच्या गावठाणात राहायचो. पुढं पडवी, मग माजघर, मागं स्वयंपाकघर, आणि कडेला भाड्यानं दिलेल्या दोन खोल्या. नवरा पिंपरीच्या एका कंपनीत फिटर होता, पर्मनंट. धाकटा दीर त्याच कंपनीत होता, पण टेम्परवारी. टेम्परवारी माणूस पर्मनंट होण्याच्या जवळ आला की त्याला ब्रेक द्यायचे. ब्रेक म्हणजे घरी बसायचं आणि परत बोलावतील याची वाट बघायची. बोलावलं की नवा पास, नवा नंबर, आणि मागची सगळी नोकरी पुसलेली. अशानं माणूस म्हातारा होतो, पर्मनंट होत नाही. दिराचे असे बरेच ब्रेक झाले होते.

खेडकडची एक मुलगी त्याला सांगून आली होती. त्यानं तिला एकदाच बघितलं होतं आणि त्याला ती फार आवडली होती. ते त्यानं लपवलंही नाही. मुलीचा बाप अधूनमधून यायचा, चहा घ्यायचा आणि एकच विचारायचा, "झाला का पर्मनंट?" नाही म्हटलं की बशी खाली ठेवून चपला शोधायचा. शेवटच्या वेळी तो म्हणाला होता, "औंदा बघतो. पुढच्या साली मुलगी घरात ठेवता यायची न्हाई."

नवरा दर रविवारी कंपनीतल्या मोठ्या साहेबांच्या बंगल्यावर जाऊन नळ, मोटर, दारांच्या कड्या असली कामं फुकट करायचा. साहेबांना माशांचा नाद होता. मुंबईच्या एका व्यापाऱ्याकडून त्यांनी परदेशातून विमानानं आलेले दोन मासे घेतले आणि हॉलमध्ये काचेच्या पेटीत ठेवले. मासे वाढले. त्यांना पेटीत वळता येईना आणि बाईसाहेबांनी तिथं बसायचं सोडलं. तेव्हा साहेब नवऱ्याला म्हणाले, तुझं गावातलं घर मोठं आहे, घरातच एक तळं बांध, ऊन-वारा लागू देऊ नको, जगव. भावाचं मी बघतो.

'भावाचं मी बघतो' या तीन शब्दांवर आमचं माजघर गेलं.

गवंडी लावला नाही. नवरा कारागीर, दीर त्याच्या हाताखाली आणि मी बिगारी. जमीन थोडी खणली, दगड घालून धुमसानं ठोकून घेतली, कडेनं विटांची भिंत मांडीइतकी उंच उठवली. मासे चपटे, त्यांना खोल पाणी लागत नाही, पसरायला जागा लागते, असं साहेबांनी सांगितलं होतं. सिमेंट तेव्हा परमिटवर मिळायचं, ते साहेबांच्या शब्दावर मिळालं. कोपरे गोल ठेवायचे होते, कारण चौकोनी कोपऱ्यात हा मासा तोंड घालून बसतो आणि त्याला मागं फिरणं सुचत नाही. दिरानं ते कोपरे माझ्या आमटीच्या वाटीच्या बुडानं घोटून घेतले. त्या वाटीत नंतर कोणी आमटी खाल्ली नाही.

मग हौद भरायचा, सोडायचा, परत भरायचा. नव्या सिमेंटचा कडकपणा मरावा म्हणून त्यात केळीचे खुंट आणि शेण टाकून ठेवलं. घरभर असा आंबूस वास सुटला की भाकरीलाही तोच लागायचा. सासू पडवीतून ओरडायची, "आत कोन मेलं का काय गं?"

"अजून कोन न्हाई, आत्याबाई. तुमी हाय का जाग्या?"

नळाच्या पाण्यात औषध असतं, ते माशांना चालत नाही म्हणून विहिरीचं पाणी आणायचं. ते मी आणलं. वाळू पवनेची. ती तांदळासारखी धुवायची, वरचं पाणी निवळ निघेपर्यंत. तीही मीच धुतली आणि माझ्या बोटांची सालं गेली. नवरा कंपनीतून आला की घमेल्यात हात घालून ढवळायचा, वाकून बघायचा आणि म्हणायचा, "गढूळ हाय." माझी लग्नाची साडी घेताना तो एवढा वाकून बघत नव्हता. पाणी फिरवायला त्यानं भंगारातली एक लहान मोटर दुरुस्त केली आणि पिंपात खडी-कोळसा भरून पाणी त्यातून जाईल असं केलं. काम चांगलं झालं होतं. हे मी त्याच्या तोंडावर कधी बोलले नाही.

मासे आले ते साहेबांच्या गाडीतून, दोन पिंपांत. परातीएवढे गोल, काळपट, वर पिवळे ठिपके. डोळे पाठीवर, तोंड पोटाखाली, मागं चाबकासारखं शेपूट. हौदात सोडल्याबरोबर ते तळाला गेले, अंग हलवून वर वाळू ओढून घेतली आणि दिसेनासे झाले. बघायला जमलेलं निम्मं गाव फसवल्यासारखं उभं राहिलं.

"कुठं हायेत राव? आम्हाला तर वाळूच दिसती."

"ते काय, दोन डोळे. साहेबानं थालपीठ दिलंय सांभाळायला."

"करपू देऊ नका भाऊ, न्हाईतर नोकरी जाईल."

आमच्या कडेच्या खोलीत रत्नागिरीकडची एक बाई भाड्यानं राहायची. तिचा नवराही कंपनीतच होता. ती पुढं आली, एक नजर टाकली आणि म्हणाली, "अगो बाई, हे तर पाकट! आमच्याकडे बाजारात तुकडे करून विकतात. गोड्या पाण्यात कसं जगतंय हे?"

"हे परदेशी हाय," नवरा म्हणाला.

"असेल. पण काटा तोच ना? शेपटीवर काटा असतो त्याच्या, विषारी. सांभाळून हो."

तेव्हापासून सगळे त्यांना पाकटं म्हणायला लागले. साहेब काहीतरी इंग्रजी नाव घ्यायचे, ते आमच्या घरात कोणाच्या तोंडात बसलं नाही.

साहेब एकदा दोन पाहुण्यांना घेऊन बघायला आले. बूट घालूनच माजघरात आले. घरातली एकुलती खुर्ची पुढं केली तिच्यावर बसले. दीर ताटलीत चहाचे कप घेऊन उभा राहिला. साहेबांनी त्याच्याकडं बघितलं आणि विचारलं, "तू कोण?"

दीर त्या कंपनीत कितीतरी वर्षं राबत होता. त्यांच्याच खात्यात. तो म्हणाला, "साहेब, मी तो... ह्यांचा भाऊ."

"अच्छा, अच्छा. तुझंच ते." आणि परत हौदाकडं वळले. तेवढ्यावर दीर महिनाभर खूश होता. "वैनी, साहेब 'तुझंच ते' म्हणाले."

पाकटांचं खाणं म्हणजे गांडुळं आणि नदीतले झिंगे. गांडुळं दीर मोरीच्या मागं खणून काढायचा, पत्र्याच्या डब्यात ठेवायचा आणि सकाळ-संध्याकाळ घालायचा. सासू माळकरी. तिला आधी तो डबा इतका ओंगळ वाटायचा की ती आत पाऊल टाकायची नाही. पण पडवीत म्हशीजवळ बसून बसून किती दिवस काढणार? हळूहळू ती आत येऊन हौदाच्या कडेला बसायला लागली. पाणी फिरताना बघायची. एक दिवस मला म्हणाली, "वाहतं पानी हाय गं हे. घरात वाहतं पानी म्हंजी गंगा आली."

मी म्हटलं, "गंगेत गांडुळं टाकतोय तुमचा लेक."

"तुला कवा चांगलं दिसलंय?"

सोमवती अवस आली. मी दळण घेऊन गिरणीत गेले होते. तिथं लाईट गेली, खोळंबा झाला. घरी आले तर हौदाच्या कडेला हळदी-कुंकवाची बोटं ओढलेली, पाण्यावर झेंडूची फुलं, पानावर विझलेला दिवा आणि एक नारळ डुलत होता. गल्लीतल्या म्हाताऱ्या ओल्या हातानं बाहेर पडत होत्या. सासूनं गंगेची ओटी भरली होती. मी तिला चार शब्द ऐकवले, फुलं काढली, हळदीचं पाणी वरून डब्यानं उपसून टाकलं आणि नारळाची चटणी केली. वर जे तरंगत होतं ते मी काढलं.

दोन-चार दिवसांत पाकटांनी खाणं सोडलं. तोंडाशी गांडूळ धरलं तरी हलेनात. मग अंगाच्या कडा वर वळायला लागल्या, तव्यावर पापड वळतो तशा. एक पाकट सकाळी पोट वर करून पडलेलं दिसलं. पोट पांढरं, आणि त्यावरचं तोंड माणसासारखं, वाईट वाटल्यासारखं. नवरा ते बघून पहिल्या पाळीला गेला आणि परत आला तो पडवीत चपला न काढता आत आला.

"साहेब इचारतात, पाण्यात तांबं गेलं का? तांब्यानं हे मासे मरतात. कोनी काय टाकलं?"

सासू म्हणाली, "म्या काय टाकनार? हळद-कुंकू. फुलं. नारळ तर हिनं खाल्ला."

"आन्?"

"आन् पैसं."

"कसलं पैसं?"

"चांगलं. तांब्याचं. गंगेला पांढरा पैसा चालतो व्हय?"

इंद्रायणीच्या पुलावर एसटी आली की आमच्याकडच्या निम्म्या बायका कनवटी सोडतात आणि खिडकीतून हात बाहेर काढतात. टाकायचा तो तांब्याचाच. नवे पैसे आले, हलके आले, तरी जुने तांब्याचे ढब्बू बायकांनी एवढ्यासाठी जपून ठेवले होते. सासूनं आपली अख्खी पिशवी हौदात रिकामी केली होती.

"किती हुते?" नवऱ्याचा आवाज बारीक झाला.

"देवाला मोजून टाकत्यात का?"

"आई, तू ह्याची नोकरी बुडवलीस."

"म्या नोकरीसाठीच टाकलं! गंगे, माझ्या लेकराला लाव कुठं तरी, असं म्हनून टाकलं!"

दीर भिंतीला टेकून उभा होता. त्यानं आईकडं बघितलं नाही, भावाकडं बघितलं. "साहेब काय म्हनले?"

"तांबं असंल तर काढा, पानी थोडं थोडं बदला. दुसरा वाचला पाहिजे. दुसरा वाचला तर बोलू."

दुसऱ्या दिवशी नवरा कुठूनतरी मोठं लोहचुंबक दोरी बांधून घेऊन आला आणि हौदात सोडलं. दीर कपाळावर हात मारून घेत म्हणाला, "दादा, तांब्याला चुंबक? फिटर ना तू? शाळेतल्या पोराला इचार."

"लई शाना असशील तर तू काढ मग."

सगळं पाणी सोडून द्यावं तर विहिरीचं नवं पाणी मुरायला वेळ लागतो आणि तोवर पाकट कुठं ठेवायचं? जाळीत धरावं तर त्याच्या शेपटीचा काटा जाळीत अडकतो. ढवळावं तर आजारी मासा मरतो. म्हणून हातानंच चाचपून काढायचं ठरलं. दिरानं हौदावर आडवी फळी टाकली, तिच्यावर पालथा पडला आणि बाही वर करून उजवा हात वाळूत घातला. पाकट दिसत नव्हतं. ते कुठल्यातरी बाजूला वाळूखाली होतं. आम्ही तिघं कडेला बसून बघत होतो.

पैसे निघायला लागले. सासू एकेक पुसून पदरात घ्यायची. "ह्यो राजाचा. ह्यो बी राजाचा. अगं, ह्यो तर राणीचा!"

"आई, गप बस," दीर म्हणाला. "ह्याच्यात राणी असंल तर मला दे, खेडला जायला नको." आणि तो हसत हसत हात पुढं सरकवत होता तेवढ्यात ओरडला.

माझी तीन बाळंतपणं झाली. तसं ओरडणं मी केलं नाही आणि ऐकलंही नाही. तो फळीवरून खाली पडला, हात पोटाशी धरून जमिनीवर लोळला. तळव्यात, पहिल्या दोन बोटांच्या मुळाशी, फाटल्यासारखी जखम होती आणि रक्त फार नव्हतं. कोकणातली बाई धावत आली.

"कढत पाणी घाला! हात कढत पाण्यात बुडवा, सोसेल तेवढ्या कढत! आमच्याकडे तेच करतात. आणि लगेच दवाखान्यात न्या."

मी चुलीवरचं पातेलं उतरवायला उठले. सासूनं माझा हात धरला. "उनउनीत पान्यानं इख उकळून वर चढतंय. ह्याला नांगी हाय, म्हंजी हे इंचवाचंच. उतरवनाऱ्याला बोलवा."

मी नवऱ्याकडं बघितलं. तो म्हणाला, "दवाखान्यात काय सांगायचं? साहेबाच्या माशानं डसलं? साहेबाचं नाव निघंल." म्हणजे त्याला विंचवाचं पटलं होतं असं नाही. त्याला साहेबाचं पटलं होतं.

विंचू उतरवणारा वरच्या वाडीत होता. म्हातारा, एका डोळ्यात फूल पडलेलं. त्यानं विचारलं, "कुठं व्हता इंचू? दगडाखाली का लाकडात?"

"पान्यात," मी म्हटलं. "इंचू न्हाई. मासा हाय."

"नांगी हाय का?"

"शेपटीला काटा हाय."

"मग झालं. इंचूच त्यो, पान्यातला."

त्यानं सुतळीनं मनगट आवळलं, वर दंड आवळला आणि लिंबाचा डहाळा घेऊन दंडापासून खाली उतरवायला लागला. तोंडानं पुटपुटायचं आणि मधेच विचारायचं, "कुठवर आलं?" विंचू उतरवताना असं विचारतात आणि डसलेल्यानं सांगायचं असतं.

"कुठवर आलं?"

"कुठं गेलंच न्हाई," दीर दात आवळून म्हणायचा. "हातातच हाय मायला."

"कोपरापातूर आलं म्हन. म्हटल्याबिगर उतरत न्हाई."

शेवटी तो म्हणाला, "आलं बाबा, कोपरापातूर आलं." म्हाताऱ्यानं समाधानानं मान हलवली. निघताना बजावून गेला, सुतळी सकाळपर्यंत सोडायची नाही, सोडली की परत चढतं. सासू त्याच्या उशाशी बसली ती त्याच्यासाठी नाही, सुतळीसाठी. मी दोनदा सोडायला गेले, दोनदा तिनं माझा हात झटकला. तिसऱ्यांदा मी गेले नाही. माझ्या हातात तिथं काही नव्हतं.

सकाळी हात वांग्यासारखा झाला होता. तरी आणखी दोन दिवस चुना-हळदीचा लेप चालला. मग घाण वास यायला लागला तेव्हा नवरा त्याला दवाखान्यात घेऊन गेला आणि सांगितलं की कामात खिळा लागला. डॉक्टरांनी पहिली दोन बोटं काढली. तिसरं राहिलं पण ते वळायचं नाही.

पाकट वाचलं. पैसे निघाल्यावर आठ-पंधरा दिवसांत ते वाळूतून बाहेर आलं आणि गांडुळं खायला लागलं. साहेबांना ते कळल्यावर त्यांनी नवऱ्याच्या खांद्यावर हात ठेवला म्हणे. शब्द पाळला त्यांनी, हे म्हणायला पाहिजे. दिराला पर्मनंटसाठी मेडिकलचं बोलावणं आलं.

तो गेला. हातावर फडकं गुंडाळून गेला. कंपनीच्या डॉक्टरांनी छाती बघितली, डोळे बघितले, वजन घेतलं, सगळं पास. मग म्हणाले, फडकं काढ आणि मूठ वळ.

हे त्यानंच घरी येऊन सांगितलं. "वैनी, मी डावी वळली. ते म्हनले ही न्हाई, ती. मी म्हनलं, साहेब, ही बी चांगली वळती, बघा की. ते म्हनले, तुला मशीनवर उभा करायचाय, नाचवायचा न्हाई."

खेडवाला आठवड्यात आला. कोणी सांगितलं कोण जाणे. मी चहा ठेवला. दीर पंच्याखाली हात घेऊन बसला होता. चहा पिऊन झाल्यावर तो म्हणाला, "हात बघू." दिरानं काढून दाखवला. बापानं तो हातात घेतला, बैलाचा खूर बघतात तसा उलटा-सुलटा करून बघितला आणि परत त्याच्या मांडीवर ठेवून दिला. "बरं," म्हणाला. त्या दिवशी त्यानं चपला शोधल्या नाहीत, काढल्याच नव्हत्या. मुलगी पुढं मारुंजीत दिली असं कानावर आलं.

साहेब नवऱ्याला म्हणाले, जागा मी तुमच्या घराला दिली होती. घरातलं दुसरं कोणी असेल तर लवकर सांग, नाहीतर दुसऱ्याला जाईल. मासा मात्र नीट सांभाळा.

जेवताना विषय निघाला. दीर डाव्या हातानं जेवत होता, अजून त्याला भाकरी मोडायला जमत नव्हती, घास सांडायचा. सासू म्हणाली, "जावई बसून हाय."

नणंद निघोज्याला दिली होती. तिचा नवरा काही करत नव्हता, आणि जे करायचा ते न केलेलं बरं असं होतं.

मी म्हटलं, "ह्याला गेटवर घ्यायला सांगा. वॉचमनला बोटं कशाला लागत्यात?"

"साहेबाला किती तोंड दाखवू?" नवरा म्हणाला. "दिलेली जागा फुकट घालवायची का? घरातच राहील ना."

"लेकीचं घर हाय ते," सासू म्हणाली. "जावयाला लावा."

दिरानं घास ताटात ठेवला. "लावा की. आई, माझी दोन बोटं बी कुठं टाकलीत बघ दवाखान्यात. दाजींना लागतील."

"असं वंगाळ बोलू नगं."

"वंगाळ कुठं? मूठ वळून बघतात तिथं. दाजींची वळती ना? न्हाई, पत्त्यांवर लई वळती, म्या बघितलंय."

नवऱ्यानं कोशिंबीर मागितली.

जावई आला तो नणंद, दोन पोरं आणि एक पत्र्याची पेटी घेऊन आला. दिराचं अंथरूण स्वयंपाकघरात कणग्यांच्या फटीत गेलं. कामाच्या पहिल्या दिवशी सासूनं दिराचे कामावरचे बूट जावयासमोर ठेवले. ते त्याला मोठे होत होते. दिरानंच पुढं कागद कोंबून दिला. गेट कुठलं हे जावयाला माहीत नव्हतं, तर दीर त्याला सोडून आला.

जावयालाही आधी टेम्परवारीच घेतलं होतं. पर्मनंटचा कागद नंतर मिळणार होता. तोवर पाकट जगायला पाहिजे, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. आणि दिवसभर घरी कोण? दीर. गांडुळं त्यालाच खणावी लागायची, डाव्या हातानं. हौदाच्या कडेला बसून तो एकेक गांडूळ पाण्यात धरायचा आणि बोलायचा, "खा भावा. दाजींसाठी खा. तू उपाशी राह्यलास तर दाजींना ब्रेक बसंल." पाकट येऊन हातातून घ्यायचं. ज्यानं बोटं नेली त्याला तो उरलेल्या बोटांनी भरवायचा. बघायला यायचे त्यांना मी हे दाखवायचे. न दाखवून काय करायचं होतं?

वर्षाच्या आत जावयाला कागद मिळाला. नणंदेनं पेढे आणले. तिनं पहिला पेढा साहेबांच्या बंगल्यावर पाठवला, दुसरा देवापुढं ठेवला आणि मग सगळ्यांना वाटले. दिरानं आपला पेढा खाल्ला, हात धुतला, मागं गेला आणि गांडुळांचा डबा मातीसकट उकिरड्यावर पालथा केला.

सासू म्हणाली, "का रं? त्याला घालायचं न्हाई?"

"मिळाला की कागद."

"आरं, जीव हाय त्यो."

"व्हय? मग तू घाल."

ती माळकरी, ती गांडुळाला हात लावणार नव्हती. नवरा ऐकत होता. जावई ऐकत होता. साहेबांची बदली ठरली होती, बंगल्यातलं सामान बांधायला नवरा दोन रविवार गेला होता आणि साहेबांनी माशाचा विषयही काढला नव्हता. तेव्हा कोणी उठलं नाही. मीही उठले नाही.

ते मरायला पुष्कळ वेळ लागला. अंगात साठवलेलं असणार. रोज जरा पातळ दिसायचं. कोणी हौदाजवळून गेलं की कडेला यायचं आणि तोंड काढायचं. माझी आणि नणंदेची पोरं भाकरीचे तुकडे टाकायची, ते खायचं नाही. नणंद एकदा दिराला म्हणाली, "हे अजून हलतंय रं." दीर म्हणाला, "हलू दे."

एका रविवारी नवऱ्यानं ते फावड्यानं बाहेर काढलं आणि परसात पुरलं. दुसऱ्या दिवशी दिरानं पिशवी भरली. चाकणच्या कांद्याच्या बाजारात एका अडत्याकडं त्याला काम मिळालं होतं, गोणी मोजायचं. तो पायात चपला घालत होता तेव्हा सासू वाटी घेऊन पडवीतून उठली.

"थांब, दही घेऊन जा. कामाला निघालास."

त्यानं डावा हात पुढं केला.

"डाव्यावर न्हाई देत. उजवा कर."

त्यानं उजवा केला. तिनं चमचाभर दही तळव्यावर घातलं. ते बोटं नव्हती तिथून घरंगळलं आणि त्याच्या चपलेवर पडलं.

"सांडलं की रं," सासू म्हणाली आणि परत चमचा भरला.

"ऱ्हाऊ दे," तो म्हणाला. "एसटी जाईल."